साडेदहापर्यंतची शाळा

मनुष्याने निर्माण केलेल्या गद्यात मला खरोखर थक्क करून सोडणारे नमुने आजवर दोनच आढळले. पहिला म्हणजे तेराशे सव्वीस साली एका मठाने एका विधवेशी केलेला करार. दुसरा म्हणजे ऑल्डरविक या आमच्या गावच्या परिषदेने फर्न टॅटरसॉल, वय वर्षे सात, हिच्यासाठी तयार केलेला एकोणीस पानांचा शैक्षणिक आराखडा. पहिल्याच्या जोरावर मी विद्यापीठात एकतीस वर्षे काढली आणि सन्मानाने निवृत्त झाले. दुसरा शेजारच्या लोरेनने नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी कुंपणावरून माझ्या हातात दिला. त्यानंतर सन्मान नावाची वस्तू माझ्यापाशी फारशी शिल्लक राहिली नाही.

लोरेन ही फर्नची आई. ती मला ‘डॉक्टर’ म्हणते. आमच्या गल्लीतले सगळेच म्हणतात, आणि अधूनमधून गुडघेही दाखवतात. माझी पदवी जुन्या दस्तऐवजांवरची आहे हे मी अनेकदा सांगून पाहिले, तेव्हा पलीकडचे मिस्टर पिकर्सगिल शांतपणे म्हणाले, की त्यांचा गुडघाही तसा जुनाच आहे.

“अहो डॉक्टर, तुम्ही ते जुनेपुराणे कागद वाचता ना,” लोरेन म्हणाली, “मग हाही जरा बघता का? तसं घाईचं काही नाही.”

तसे घाईचे काही नाही हे वाक्य आमच्या देशात छपराला आग लागल्यावर वापरतात. फर्न शाळेत जाते हे विधान खरे होते, पण ती साडेदहापर्यंतच जात असे. वर्गात गलका वाढला, घंटा झाली, कोणी खुर्ची ओढली, की ती टेबलाखाली जाई आणि कानांवर हात दाबून तिथेच राही. मग शाळेतून फोन येई, की तिला घेऊन जाल का. हा फोन दीड वर्ष रोज, टपालापेक्षा नियमितपणे, साडेदहाच्या सुमारास येत होता. मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे तीस मुलांमागे एक शिक्षिका होती आणि टेबलाखाली बसायला कोणीही नव्हते. सप्टेंबरपर्यंत फर्नजवळ बसणारे माणूस मिळाले नाही तर आपण तिला ठेवून घेऊ शकणार नाही, असे त्यांनी लोरेनला डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते. लोरेनने त्यांना रुमाल दिला, आणि वर ‘तुम्हाला उगीच त्रास’ असेही म्हणाली.

आता या आराखड्याची गंमत अशी, की त्यात जे लिहिलेले असेल ते पुरवणे परिषदेवर कायद्याने बंधनकारक असते. साहजिकच परिषदेचे सारे प्रतिभासामर्थ्य त्यात काहीही न लिहिण्यात खर्च होते. मी खुर्ची ओढून बसले आणि वाचू लागले. ‘फर्नला गरजेनुसार प्रौढ व्यक्तीच्या साहाय्याची संधी उपलब्ध राहील.’ ‘फर्नला यथावकाश शांत जागेचा लाभ होऊ शकेल.’ ‘शक्य तेथे, योग्य वाटल्यास, नियमित स्वरूपात विचार करण्यात येईल.’ एकोणीस पानांत कोण, किती, केव्हा, कुठे या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर चुकूनसुद्धा निसटलेले नव्हते. मी ते तीनदा वाचले. धुक्याचे बुरूज बांधणारे गवंडी मी प्रथमच पाहत होते, आणि बुरूज पडत नव्हता.

माझे मठवासी याच्या अगदी उलट. त्या विधवेने आपले शेत मठाला दिले आणि बदल्यात आजन्म अन्न मागितले. मठाने लिहून दिले: रोज एक पांढरी भाकरी, एक माप बिअर, शुक्रवारी चार खारवलेले मासे, आणि दुपारपर्यंत भाकरी न पोचल्यास दुसऱ्या दिवशी दोन. त्या काळी रोगराई होती, दुष्काळ होता, छापखाना नव्हता, पण बाईला चार मासे म्हणजे चारच मासे मिळत. तिला ‘मत्स्याहाराची संधी गरजेनुसार उपलब्ध’ असे लिहून दिले असते तर ती कोठीच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभी राहिली असती, हे त्या पुण्यात्म्यांना पुरते ठाऊक होते.

हे मी लोरेनला सविस्तर समजावले. हा अजून मसुदा आहे, हरकती नोंदवायला पंधरा दिवस आहेत, आपण एकेका शब्दाला जाब विचारू, असेही सांगितले. ती फार लक्षपूर्वक ऐकत होती. मग म्हणाली, “पण तो हरकतींचा कागद मी परवाच पाठवून दिला.”

“त्यात काय लिहिलंत?”

“सगळं छान आहे, एवढी मेहनत घेतल्याबद्दल आभारी आहोत.” माझा चेहरा पाहून तिने पुस्ती जोडली, “त्यांनीही बिचाऱ्यांनी एकोणीस पानं लिहिलेली, डॉक्टर. नाही कसं म्हणायचं?”

इथे आमच्या लोकांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे पाय मोडले तर आम्ही ‘जरा लंगडतोय’ म्हणतो. माझे वडील शेवटच्या आजारात, श्वास लागलेला असताना, परिचारिकेला ‘तक्रार नाही’ म्हणाले आणि गेले. या सवयीला आम्ही धीर म्हणतो. परिषद तिला पुरावा म्हणते. आधीच्या एका अर्जात ‘घरी मूल कसे असते?’ या रकान्यात लोरेनने ‘तसं बरं चाललंय, आम्ही निभावतो’ असे लिहिले होते. तिचा नवरा ग्लेन भिंतींना गिलावा करण्याचे काम करतो आणि आठवड्याला साधारण अकरा वाक्ये बोलतो. त्याने वडिलांच्या रकान्यात ‘गुणी पोर आहे’ एवढेच लिहिले होते. ही दोन्ही वाक्ये आराखड्याच्या दुसऱ्याच पानावर अवतरणचिन्हांत, एखाद्या ऋषिवचनासारखी, उद्धृत केलेली होती.

मसुदा जसाच्या तसा कायम होऊन आला. मिस्टर पिकर्सगिलांनी परिषदेच्या गटार विभागात अडतीस वर्षे काढली होती, त्यामुळे परिषदेच्या अंतरंगाविषयी त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. परिषदेशी शाईने बोलू नये, केक पाठवावा, असे त्यांनी कुंपणावर कोपर टेकून सांगितले. मी हा सल्ला हसण्यावारी नेला. लोरेनने लिंबाचा केक पाठवला. तो नऊ दिवसांनी परत आला. सोबत पत्र होते, की कर्मचाऱ्यांना भेटवस्तू स्वीकारता येत नसल्याने केक नाकारण्यात येत आहे, आणि नाकारलेल्या वस्तूच्या नोंदीसाठी जोडलेला अर्ज देणाऱ्याने भरावा. केकवर तोवर हिरवळ आली होती. लोरेनने अर्ज भरला. ‘वस्तूची सद्यस्थिती’ या रकान्यात तिने ‘ठीक आहे’ असे लिहिले.

आता मात्र मी लेखणी उचलली. रागाच्या बाबतीत मी थंड प्रकृतीची आहे. माझा राग उकळत नाही, गोठतो, आणि गोठला की त्याला फार सुबक धार येते. मी परिषदेच्या शिक्षण विभागाला चार पानांचे पत्र लिहिले. ‘आपल्या विभागाच्या लेखनसिद्धीने मी थक्क झाले आहे,’ असा प्रारंभ होता. ‘एकोणीस पृष्ठांत एकाही क्रियापदाला कर्त्याचा स्पर्श होऊ न देणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मध्ययुगातील श्रेष्ठ लेखनिकांनाही जे जमले नाही ते आपण एका सात वर्षांच्या मुलीसाठी करून दाखविले, याबद्दल आपले अभिनंदन करण्यास शब्द अपुरे आहेत.’ पुढे तळटीपा होत्या. विद्यापीठात अशा पत्रांनी मी दोन विभागप्रमुखांना मुदतपूर्व निवृत्तीस प्रवृत्त केले होते. टपालपेटीत पत्र टाकताना मला परिषदेची थोडी दयाच आली.

बारा दिवसांनी उत्तर आले. आपल्या मनःपूर्वक कौतुकाबद्दल विभाग आभारी आहे. आपले पत्र ‘प्रशंसा’ या शीर्षाखाली नोंदवण्यात आले असून, सध्याच्या कठीण काळात त्याने कर्मचाऱ्यांचे मनोबल उंचावले आहे. पुढच्या महिन्यात परिषदेचे वार्तापत्र घराघरांत पडले. मिस्टर पिकर्सगिल ते हातात फडकवतच आले.

“डॉक्टर, तुमचं नाव छापून आलंय. ‘निवृत्त प्राध्यापिका डॉ. ऍग्नेस थ्रेलफॉल थक्क.’” ते वाचून थांबले. “अडतीस वर्षं मी त्यांच्या गटारांत उतरलो. माझ्याबद्दल कधी एक ओळ नाही आली.”

लोरेनने ते कात्रण माझ्यासाठी चौकटीत बसवून आणले. तिला वाटले, काम होणार. मी ते जिन्याखाली ठेवले, तोंड भिंतीकडे करून.

न्यायाधिकरणात अपील करणे एवढाच मार्ग उरला होता. पण त्याआधी मध्यस्थीचा दाखला लागतो. तो मिळवणे सोपे असते. मध्यस्थाचा फोन येतो, त्याला ‘मध्यस्थी नको’ एवढे म्हणायचे, की दाखला मिळतो. मी लोरेनकडून त्या वाक्याची तालीम करून घेतली. फोन आला तेव्हा मी समोरच उभी होते. पलीकडच्या बाईचा आवाज फार प्रेमळ असावा. लोरेन चाळीस मिनिटे बोलली, त्या बाईच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, आणि शेवटी मध्यस्थीला होकार दिला. ठरल्या दिवशी परिषदेचे अधिकारी आजारी पडले आणि त्यांच्या जागी एक तरुणी आली. कशालाही हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता. ती लोरेनची क्षमा मागत होती, लोरेन तिची. एवढ्या निर्दोष माणसांची एवढी निष्फळ बैठक मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि मी विद्यापीठाच्या बैठकांना एकतीस वर्षे बसले आहे. ती संपल्यावर दाखला मात्र मिळाला.

अपील जानेवारीत दाखल झाले, सुनावणी जूनमध्ये लागली. मधल्या पाच महिन्यांत फर्नचे प्रकरण सांभाळणारे चार अधिकारी बदलले. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याचे पहिले पत्र सारखेच असे: मी नुकताच पदभार स्वीकारला आहे, कृपया प्रकरणाची थोडक्यात माहिती द्यावी. तिसऱ्याने फर्न हा मुलगा की मुलगी असे विचारले. इतिहासात मी अल्पायुषी राजवंश पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यांच्या निदान कबरी सापडतात.

या काळात फर्न दुपारभर माझ्याकडे येऊ लागली. ती बोलत नसे. माझे कपडे धुण्याचे यंत्र चालू असले की ती त्याच्या शेजारच्या भिंतीला दोन्ही तळहात लावून उभी राही. यंत्र थांबले की माझ्याकडे बघे. त्या वसंतात माझ्या घरातल्या चादरी जेवढ्या स्वच्छ होत्या तेवढ्या आधी कधी नव्हत्या आणि पुढेही होणार नाहीत.

सुनावणी दूरदृश्य पद्धतीने, माझ्या जेवणाच्या टेबलावर, संगणकासमोर झाली. फर्नला ग्लेनच्या आईकडे पाठवले होते. लोरेनने निळा कोट घातला होता. ग्लेन हात मांडीखाली दाबून बसला होता. पडद्यावर चौकटीत न्यायाधीशबाई, त्यांच्या बाजूच्या चौकटीत मुलांच्या शिक्षणाचे जाणकार एक सदस्य, आणि तिसऱ्यात परिषदेचे प्रतिनिधी मिस्टर लॅदम दिसत होते. माणूस सभ्य होता. त्याच्यामागे कोणाचे तरी वाळत घातलेले मोजे दिसत होते. कागदपत्रांचा संच सहाशे अठरा पानांचा होता. मी अठरा प्रश्न तयार ठेवले होते, प्रत्येकाला पोटप्रश्न होते.

न्यायाधीशबाईंनी मलाच आधी विचारले. पान चारशे बारा. परिषदेने समाधानी नागरिकाचा अभिप्राय म्हणून जोडलेले हे पत्र माझे आहे का?

मी म्हटले, माझे आहे, पण त्याचा अर्थ जे लिहिले आहे त्याच्या उलट आहे.

त्यांनी चष्मा काढला. “सबंध पत्राचा?”

“तळटीपा सोडून.”

“मग जे म्हणायचं होतं तेच का नाही लिहिलंत, डॉक्टर?”

एकतीस वर्षांत हजारो विद्यार्थ्यांच्या चोपड्यांच्या समासात मी लाल शाईने हाच प्रश्न लिहिला असेल. माझ्याकडे पोटप्रश्न होते, पण ते त्यांना विचारण्यासारखे नव्हते. मला आठवते, की त्या क्षणी कान गरम होण्याची क्रिया मी प्रथमच इतक्या तपशिलाने अनुभवली.

न्यायाधीशबाईंनी पान उलटले आणि त्या लोरेनकडे वळल्या. “मिसेस टॅटरसॉल, तुम्हीही इथे लिहिलंय, सगळं छान आहे, आम्ही निभावतो. हेही उलटच का?”

लोरेन हसली. ते हसू मला ओळखीचे होते. त्याच्यामागून ‘तक्रार नाही’ येते. तिचे ओठ त्या शब्दांसाठी जुळलेसुद्धा. तिने आम्हां दोघांकडे पाहिले. मी मान खाली घातली, कारण जी चूक मी चार पानांत केली होती तीच तिने करू नये हे सांगण्याची माझी योग्यता उरली नव्हती.

“हो,” लोरेन म्हणाली. “उलट.”

आणि ती बोलू लागली. आवाज चढवला नाही, एक विशेषण वापरले नाही.

“मंगळवारी शाळेतून आणल्यावर ती अकराला दहा कमी असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली गेली. दोन वाजून वीस मिनिटांनी बाहेर आली. मी फरशीवर आडवी होते. बसले तर तिला माझे पाय दिसतात, आणि पाय दिसले की तिला वाटतं, आता कुठंतरी जायचंय. म्हणून आडवं पडायचं. ती मनगट चावते स्वतःचं. मी माझं पुढं करते. मग ती माझं चावते. ते बरं, तिला लागत नाही.”

ग्लेन म्हणाला, “तू म्हणालीस मनगट ओव्हनला भाजलं.”

न्यायाधीशबाईंनी त्याला थांबवले नाही.

“हो.”

“वर्षभर?”

“तुला सांगून तू काय केलं असतंस, ग्लेन?”

त्याने विचार केला. तो गिलावा करतो तसाच विचार करतो, सावकाश आणि एकसारखा. “काही नाही,” तो म्हणाला. “पण शेजारी आडवा पडलो असतो.”

मिस्टर लॅदमनी त्यांच्या कागदांवर नजर रोखली होती आणि ते पान उलटत नव्हते.

मग जाणकार सदस्यांनी हळूच विचारले, की साडेदहाच्या पुढे शाळेत राहायला फर्नला नेमके काय लागेल असे तुम्हाला वाटते. माझ्या अठरा प्रश्नांपैकी सातव्याचे उत्तर इथे बसत होते. मी तोंड उघडलेही. लोरेन आधीच सांगत होती.

“एक माणूस. रोज तोच. तिच्या उजवीकडं बसणारा, कारण डाव्या कानाला तिला सगळं मोठं ऐकू येतं. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. प्रत्येक घंटेच्या पाच मिनिटं आधी तिला सांगायचं, की आता घंटा होणार. जेवण मोठ्या खोलीत नाही, पुस्तकांच्या खोलीत. ती टेबलाखाली गेली तर ओढायचं नाही. आपण खाली जायचं आणि गप्प राहायचं. आणि तो माणूस आजारी पडला तर दुसरा कोण, ते तिला आधी भेटवून ठेवायचं.”

ती थांबली. “एवढंच. जास्त नाही मागत.”

मी आयुष्यभर करार वाचले. राजांचे, बिशपांचे, व्यापाऱ्यांचे. त्यांच्या मोहरांना तळहातावर घेऊन पाहिले. कोण, किती, केव्हा, कुठे, आणि न झाल्यास काय: याहून निर्दोष कलम मी वाचलेले नाही. आणि ते कोणी लिहिलेले नव्हते. एक बाई दोन वर्षे थंड फरशीवर आडवी पडून ते पाठ करत होती, आणि तिला कोणी विचारले नव्हते म्हणून ती बोलली नव्हती. मी शेजारी राहत होते. मीही विचारले नव्हते. मी तिला चौदाव्या शतकाविषयी सांगत होते. माझे अठरा प्रश्न मी उलटे करून टेबलावर ठेवले.

मिस्टर लॅदम यांना प्रश्न विचारायचे आहेत का, असे विचारण्यात आले. ते म्हणाले, नाहीत. मग ते म्हणाले, “आभारी आहे, मिसेस टॅटरसॉल,” आणि त्यांच्या म्हणण्याचा अर्थ तोच होता.

निकाल दहा दिवसांत आला. न्यायाधिकरणाने आराखड्यातून ‘गरजेनुसार’ सव्वीस ठिकाणी, ‘यथावकाश’ अकरा ठिकाणी आणि ‘शक्य तेथे’ नऊ ठिकाणी काढून टाकले. त्या जागी लोरेनची वाक्ये घातली होती, जवळजवळ तिच्याच शब्दांत. उजवीकडे. रोज तोच. पाच मिनिटे आधी. न मिळाल्यास दुसरा कोण. मिस्टर पिकर्सगिलांनी ते दोनदा वाचले. गटाराचा नकाशासुद्धा इतका स्वच्छ नसतो, असे ते शेवटी म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठे प्रमाणपत्र मी ऐकलेले नाही.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. फर्नसाठी नेमलेल्या बाईंचे नाव मिसेस ओडूया. सुट्टीत त्या चार वेळा येऊन फर्नच्या उजवीकडे बसून गेल्या होत्या. पहिल्या दिवशी लोरेन तिला सोडून तडक माझ्याकडे आली. कोट काढला नाही. फोन टेबलावर पालथा ठेवला, मग सरळ केला. मी चहा केला. साडेदहा वाजले. आम्ही दोघी फोनकडे बघत होतो. पावणेअकरा झाले. लोरेनने फोन उचलून त्याचा आवाज चालू आहे ना ते पाहिले आणि परत ठेवला. अकरा वाजले. चहा तसाच गार झाला. मी दुसरा केला, तोही गार झाला. साडेअकराला तिने कोटाची वरची गुंडी काढली.

बारा वाजले तेव्हा ती उठली आणि खिडकीशी गेली. रस्त्यावर ऊन होते. पलीकडे कोणीतरी पायरी धूत होते, टपालवाली सायकल हातात धरून चालत निघाली होती, एक म्हातारा बाकावर बसून सफरचंद सोलत होता. लोरेन त्या सगळ्याकडे असे पाहत होती, जसे लोक परदेशातल्या पहिल्या सकाळी पाहतात.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “या वेळेला लोक काय करतात हो?”

मला ठाऊक नव्हते. मी तिच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले, आणि आम्ही पाहू लागलो.